टाळू लवकर शिवला म्हणून जबडा खुंटला का?

धायरीहून एका आईचे पत्र आले आहे. त्याचा आशय असा:

"माझा मुलगा साडेसहा वर्षांचा असून पहिलीत आहे. जन्मतः त्याचा डाव्या बाजूचा ओठ, हिरडी आणि टाळू दुभंगलेला होता. ओठाची शस्त्रक्रिया चौथ्या महिन्यात आणि टाळूची अकराव्या महिन्यात पुण्यातच झाली. तो छान बोलतो, वर्गात कविता म्हणतो. मात्र अलीकडे शाळेतील दंततपासणीत सांगण्यात आले की त्याचा वरचा जबडा अरुंद आणि मागे राहिला आहे, आणि डावीकडचे वरचे दात खालच्या दातांच्या आत बसतात. यजमानांचे मामा निवृत्त डॉक्टर आहेत. त्यांचे म्हणणे असे की टाळू एवढ्या लवकर शिवायलाच नको होता, त्या जखमेनेच जबडा खुंटला. इंदापूरजवळ राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी पाच महिन्यांची आहे आणि तिच्याही टाळूला फट आहे, ओठ मात्र चांगला आहे. मामांचे बोलणे कानावर गेल्यापासून तिच्या सासरी 'मुलगी पाच वर्षांची होऊ दे, मग बघू' असे ठरत आहे. शिवाय ग्रहण पाळले नाही म्हणून बहिणीला बोलणी बसतात ती वेगळीच. आम्ही मुलाच्या बाबतीत घाई केली का? बहिणीने थांबावे का? मुलाच्या टाळूत पुढच्या बाजूला एक बारीक छिद्र राहिले आहे, ते आता शिवून घ्यावे का, आणि वणाला रोज तेलाने चोळले तर जबडा सुटेल का?"

ताई,

तुमच्या पत्रात दोन मुलांचे प्रश्न आहेत. तुमच्या मुलाच्या जबड्यावर पुढची दहा-बारा वर्षे उपाय करता येतात. तुमच्या भाचीचा प्रश्न मात्र येत्या काही महिन्यांतच मार्गी लागायला हवा. म्हणून मुख्य उत्तर आधीच देतो: बहिणीच्या मुलीची शस्त्रक्रिया पाच वर्षे लांबवू नका. मामांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे ऐकून न घेता निर्णय केला तर त्याची किंमत त्या मुलीला तिच्या बोलण्यातून मोजावी लागेल.

मामांचे अर्धे बरोबर कसे, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. टाळूची फट शिवायची म्हणजे दोन कडा जवळ ओढून टाके घालायचे, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात पुढच्या कठीण टाळूवर ओढून घेण्याजोगे सैल कातडे नसतेच. तिथले आवरण हाडाला घट्ट चिकटलेले असते. त्यामुळे अनेक प्रचलित पद्धतींत सर्जन दोन्ही बाजूंना, दातांच्या रांगेच्या आतल्या अंगाने, चीर देतात, हाडावरचे आवरण खरवडून अलगद सोडवतात आणि असे मोकळे झालेले दोन पट्टे मधोमध सरकवून एकमेकांना शिवतात. बर्लिनचे सर्जन लांगेनबेक यांनी १८६१ मध्ये ही कल्पना मांडली आणि तिचीच सुधारलेली रूपे आजही वापरात आहेत. यात मधली फट मिटते, पण पट्टा जिथून सरकला तिथे, अगदी दातांच्या लगत, हाडाची एक चिंचोळी जागा उघडी राहते. त्या जागेला टाके नसतात. ती तळापासून आपोआप भरून यावी लागते, आणि जबड्याच्या वाढीचा सारा वाद या उघड्या जागेभोवती फिरतो.

पहिल्या काही तासांत तिथे रक्ताची गुठळी बसते. दोन-तीन दिवसांत तिच्यावर पांढरट-पिवळसर, साय धरल्यासारखा थर दिसू लागतो आणि तोंडाला थोडा वासही येतो. पालक हमखास त्याला पू समजतात आणि कापसाने पुसायला जातात. ताप नसेल आणि मूल पीत असेल, तर तो थर जखम भरण्याचाच भाग असतो व त्याला हात लावायचा नसतो. त्याखाली बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेले लालसर, दाणेदार नवे मांस उगवते, कडांवरून नवे आवरण सरकत येते आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत जागा वरून झाकली जाते. तोंडातल्या जखमा अंगावरच्या कातडीपेक्षा लवकर भरतात, त्यामुळे महिन्याभरात सगळे आटोपले असे घरच्यांना वाटते. आतले काम मात्र तेव्हा कुठे भरात आलेले असते. मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी, ज्यांच्यात स्नायूंसारखे आकसणारे तंतू असतात, त्या जखमेच्या कडा आतल्या बाजूला ओढून जागा लहान करत आणतात, आणि त्यांच्या भोवती कोलॅजेन या प्रथिनाचे जाड, एका दिशेने बसलेले धागे विणले जातात. हा वण महिनोन्‌महिने घडत राहतो.

पाठीवर किंवा गुडघ्यावर असा वण राहिला तर फारसे बिघडत नाही. टाळूवर मात्र तो ज्या हाडावर बसतो, ते हाड अजून वाढायचे असते. नेदरलँड्समधील नाइमेगेन येथे बीगल जातीच्या कुत्र्यांच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासांत असे आढळले की उघड्या हाडावर भरून आलेला वण त्या हाडात धागे रोवून पक्का बसतो आणि त्याचे तंतू दातांच्या मुळांभोवतीच्या तंतूंशीही जोडले जातात. परिणामी दात उगवताना सरळ खाली न येता आत कलतात आणि दंतकमान, म्हणजे दातांच्या रांगेची कमान, अरुंद होते. त्याआधी, १९६० च्या दशकात, अमेरिकेतील आयोवा येथे झालेल्या प्रयोगांत तर टाळू दुभंगलेला नसलेल्या पिल्लांच्या दातांलगतचे आवरण काढून हाड उघडे ठेवले, तरी त्या बाजूची वाढ आखडली होती. म्हणजे दोष फट मिटवण्याचा कमी आणि शेजारी उघड्या राहिलेल्या हाडाचा जास्त. रोपाला आधारासाठी बांधलेली सुतळी वेळीच सैल केली नाही, तर ती खोडाला ओढत नसतानाही खोड जाड होऊ लागले की तिथेच रुतते. वणाचेही तसेच आहे. तो आकसायचा थांबल्यावरही मुलासोबत पुरेसा वाढत नाही, एवढे कारण जबडा मागे पडायला पुरते.

माणसांमधला सर्वांत बोलका पुरावा श्रीलंकेतून आला. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात व जबड्यांची ठेवण सुधारणारे दंततज्ज्ञ, मायकेल मार्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तिथे अशी अनेक मोठी मुले व प्रौढ तपासले, ज्यांचा दुभंग कधी शिवलाच गेला नव्हता. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, ज्यांच्या ओठावर वा टाळूवर कसलीही शस्त्रक्रिया झालेली नव्हती त्यांचा वरचा जबडा पुढच्या दिशेने जवळजवळ नेहमीसारखा वाढलेला होता. मामांच्या वाचनात हेच किंवा यासारखे काही आले असावे, आणि त्यावरून 'शिवले नसते तर जबडा वाढला असता' असा निष्कर्ष कोणीही काढेल.

पण त्याच श्रीलंकेतल्या मुलांचे बोलणे कसे होते, तेही नोंदवून ठेवलेले आहे. किशोरवयात वा त्यानंतर टाळू शिवूनही त्यांतील बहुतेकांचे बोलणे फारसे सुधारले नाही. जर्मनीतील मारबुर्ग येथे तर जबड्याच्या काळजीपोटीच एक पद्धत वर्षानुवर्षे राबवली गेली: मागचा मऊ टाळू लवकर शिवायचा आणि पुढचा कठीण टाळू बारा-पंधरा वर्षांपर्यंत उघडाच ठेवायचा. त्या रुग्णांची मोठेपणी तपासणी झाली तेव्हा चेहरे चांगले वाढलेले होते, परंतु बोलणे इतके सदोष होते की त्या रूपात ती पद्धत पुढे फारशी कोणी स्वीकारली नाही. मामांच्या सल्ल्याची परीक्षा अशी आधीच होऊन गेलेली आहे.

बोलण्याचा हा हिशेब घरातल्या उदाहरणाने लगेच लक्षात येईल. 'प', 'ब', 'त', 'द', 'क', 'ग' हे वर्ण काढायला तोंडात हवा कोंडून धरावी लागते, आणि त्यासाठी मऊ टाळूने मागे उचलून नाकाची वाट बंद करावी लागते. ती वाट उघडीच असली की हवा नाकातून निसटते आणि मूल 'बाबा' म्हणायला जाते तेव्हा 'मामा' ऐकू येते. आपण त्याला गेंगाणे बोलणे म्हणतो. त्याहून वाईट म्हणजे, काही मुले तोंडात दाब येत नाही हे ओळखून 'क' आणि 'त' गळ्यातच आवळून काढायला शिकतात. ही खोड एकदा जिभेला बसली की पुढे टाळू कितीही उत्तम शिवला तरी जात नाही. ती मोडायला स्पीच थेरपिस्टकडे महिनोन्‌महिने घालवावे लागतात. मूल बडबडू लागते सहाव्या-सातव्या महिन्यापासून आणि शब्द येतात वर्षाच्या आसपास, म्हणून टाळू तोपर्यंत तयार असावा लागतो. कानाचाही संबंध आहे: टाळूचे स्नायूच कानातल्या नळीचे तोंड उघडतात, ते काम करत नसतील तर पडद्यामागे चिकट पाणी साठते आणि ऐकू कमी येते. ऐकूच कमी आले तर बोलणे आणखी मागे पडते. टाळू शिवल्यावरही हे पाणी काही काळ राहू शकते, म्हणून तुमच्या भाचीची श्रवणचाचणी शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतरही करून घ्यायला बहिणीला सांगा.

तुमच्या भाचीसारख्याच, म्हणजे ओठ अखंड असून केवळ टाळू दुभंगलेल्या, ५५८ बाळांवर युरोप आणि दक्षिण अमेरिकेतील २३ केंद्रांत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या बाळांचा टाळू सहाव्या महिन्यात आणि निम्म्यांचा बाराव्या महिन्यात शिवला होता. पाचव्या वर्षी बोलताना नाकाची वाट पुरेशी बंद होत नाही, असे सहा महिन्यांच्या गटात ८.९ टक्के आणि बारा महिन्यांच्या गटात १५ टक्के मुलांमध्ये आढळले. लक्षात घ्या, इथे वाद सहा महिने की बारा महिने असा चालला आहे; पाच वर्षे हा पर्याय चर्चेतही नाही. तुमच्या भाचीचे वजन वाढत असेल, हिमोग्लोबिन ठीक असेल आणि हृदयाचा किंवा श्वासाचा काही दोष नसेल, तर सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया होणे तिच्या हिताचे आहे. टाळूच्या फटीबरोबर खालचा जबडा फारच लहान असेल आणि झोपेत श्वास अडकत असेल, तर मात्र थोडे थांबणे योग्य ठरते. पण ते थांबणे श्वासासाठी असते आणि त्याची मुदत सर्जन व भूलतज्ज्ञ ठरवतात, सासरची मंडळी नव्हेत.

तिच्या बाबतीत दिलासा देणारी आणखी एक गोष्ट आहे. तिचा ओठ आणि हिरडी अखंड आहे, म्हणजे दंतकमान सलग आहे. फट फक्त मागच्या मऊ टाळूत असेल, तर हाड उघडे पाडण्याची वेळच सहसा येत नाही आणि जबड्याला त्याची झळ फारशी बसत नाही. म्हणून तिची फट किती पुढपर्यंत आहे, हे सर्जनना नेमके विचारून घ्यावे.

ग्रहणाबद्दल दोनच वाक्ये लिहितो, कारण त्यापेक्षा जास्त जागा त्या विषयाला देण्याची गरज नाही. टाळूचे दोन भाग गर्भात सातव्या-आठव्या आठवड्यापासून जवळ येऊ लागतात आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास जुळून पूर्ण होतात. ते न जुळण्यामागे आनुवंशिक व इतर कारणे असतात आणि आईने विळी हातात धरली की नाही याच्याशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. दोन सख्ख्या बहिणींच्या मुलांत दुभंग आढळला आहे, तर दोघींनी मिळून एकदा जनुकीय सल्ला जरूर घ्यावा, म्हणजे पुढच्या बाळंतपणाबद्दल काही माहिती हाती असेल.

आता बहिणीने सर्जनना काय विचारावे, ते सांगतो. पहिला प्रश्न: तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? प्रश्न उद्धट वाटला तरी विचारावा. युरोपातील सहा केंद्रांची तुलना करणाऱ्या युरोक्लेफ्ट अभ्यासात ज्या ठिकाणी मोजक्याच सर्जनांच्या हातून भरपूर शस्त्रक्रिया होत होत्या आणि पद्धत ठरलेली होती, तिथले जबडे चांगले वाढलेले दिसले. उपचारांची संख्या जास्त असून उपयोग झालेला नव्हता. टाळूचे आवरण किती हळुवारपणे सोडवले, त्याचा रक्तपुरवठा किती राखला आणि किती हाड उघडे ठेवले, हे हातावर अवलंबून असते, आणि हात सरावाने तयार होतो. त्यामुळे 'आपल्या ओळखीचे आहेत' हा निकष इथे मला पटत नाही. दुसरा प्रश्न: दातांलगतचे हाड उघडे राहणार आहे का, आणि राहिले तर ते कशाने झाकणार? अलीकडे अनेक सर्जन बाजूच्या चिरा शक्य तेवढ्या टाळतात, आणि काही जण गालाच्या आतल्या चरबीचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह वळवून उघड्या हाडावर पसरतात. त्याने जागा लवकर झाकली जाते. तिसरा प्रश्न: मऊ टाळूचे स्नायू सोडवून आडवे जुळवणार आहात ना? दुभंगात ते पुढे, कठीण टाळूच्या कडेला चुकीच्या जागी चिकटलेले असतात, आणि नुसते कातडे जोडले तर टाळू अखंड दिसतो पण उचलला जात नाही.

पैशाची अडचण असेल तर त्यापायी विलंब करू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ मध्ये सुरू झाला, दुभंगलेला ओठ व टाळू यांचा समावेश आहे. गावातील अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडे किंवा आशाताईंकडे नाव नोंदवले की पुढे जिल्हा पातळीवर पाठवले जाते. स्माइल ट्रेन ही संस्थाही भारतातील आपल्या भागीदार रुग्णालयांमार्फत ही शस्त्रक्रिया मोफत करवून देते.

शस्त्रक्रियेनंतरच्या तीन आठवड्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण जबड्याच्या दृष्टीने आई-वडिलांच्या हातात जे काही असते ते याच काळात असते. टाके तुटून जखम उकलली की तीही उघड्या हाडासारखीच वणाने भरते, आणि ती पुन्हा शिवावी लागली तर दुसरा वण वाढतो. म्हणून पातळ पेज, वरणाचे निवळ पाणी, गाळलेले खिमट, नाचणीचे सत्त्व एवढ्यावर दिवस काढावेत. चमच्याचे टोक खालच्या ओठावर टेकवून पाजावे, टाळूपर्यंत नेऊ नये; घरात बोंडले असेल तर त्याची चोच तोंडात आत जाते, म्हणून ते या काळात फडताळातच राहू द्यावे. प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर उकळून गार केलेले पाणी दोन चमचे द्यावे, तेवढ्याने जखम धुतली जाते. मूल बोटे तोंडात घालते, म्हणून कोपर वाकू नये यासाठी हाताला मऊ पट्टी गुंडाळतात. आजीला ते पाहवत नाही आणि ती रात्री गुपचूप सोडते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. सर्जननी सांगितले तितके दिवस ती राहू द्यावी. जखमेवर मध, हळद, तूप काहीही लावू नये. कुरमुरे, बिस्किटाचा तुकडा, पोळीचा कडक काठ मोठ्या भावंडाच्या हातून बाळाच्या तोंडात जातो, तेवढे जपावे.

आता तुमच्या मुलाकडे वळतो. अकराव्या महिन्यात टाळू शिवून घेण्यात तुमची घाई झालेली नाही. तो वर्गात स्पष्ट कविता म्हणतो आहे, ते त्या वेळेवर झालेल्या शस्त्रक्रियेमुळेच. त्याच्या जबड्यावर वणाचा परिणाम झाला असणार, परंतु सगळे खापर वणावर फोडणेही बरोबर नाही. त्याची हिरडी दुभंगलेली असल्याने डावीकडचा छोटा तुकडा पुढच्या भागाशी हाडाने जोडलेलाच नव्हता. शिवलेल्या ओठाचा बाहेरून दाब आणि टाळूच्या वणाची आतून ओढ, या दोन्हींमुळे असा सुटा तुकडा सहज आत झुकतो. शिवाय दुभंगाच्या जागी मुळातच ऊतक कमी असते आणि तिथला दात बऱ्याचदा उगवतच नाही.

एकदा दिवसाउजेडी त्याला खिडकीपाशी बसवा, मान मागे करायला सांगा आणि मोबाइलच्या टॉर्चने टाळू पाहा. तुमच्या स्वतःच्या टाळूवर पुढच्या दातांमागे जिभेला आडव्या सुरकुत्या लागतात. त्याच्या दाढांलगत, दोन्ही बाजूंना, सुरकुत्या नसलेली, गुळगुळीत आणि भोवतालच्या गुलाबी रंगापेक्षा फिकट अशी पट्टी दिसेल. तो वण. मग त्याला दाढा मिटायला सांगून गाल बाजूला करा: उजवीकडे वरच्या दाढा खालच्यांच्या थोड्या बाहेर येतील, डावीकडे त्या आत गेलेल्या दिसतील. दंततपासणीत सांगितले ते हेच, ज्याला ऑर्थोडॉन्टिस्ट क्रॉसबाइट म्हणतात.

तेलाने चोळून हा वण सुटणार नाही. ओठावरच्या कातडीच्या वणाला मालिशीचा उपयोग होतो, म्हणून तुम्हाला कोणी तसे सुचवले असेल. टाळूवरचा वण हाडात रुजलेला असतो, तिथे बोट पोचते पण मुळाशी काही पोचत नाही. त्यासाठी यांत्रिक उपाय आहेत. दाढांना बसवलेल्या कड्यांना जोडलेली तारेची स्प्रिंग, बहुधा क्वाड हेलिक्स, आत झुकलेला तुकडा हळूहळू बाहेर ढकलते. गंमत अशी की तो तुकडा सुटा असल्यामुळेच तो ढकलायला सोपा असतो. त्या काळात टाळूतले बारीक छिद्र मोठे झाल्यासारखे दिसेल आणि तुम्ही घाबराल. वणाच्या घड्यांत दडलेली फट रुंदीमुळे नजरेला पडते एवढेच. मिळवलेली रुंदी मात्र धरून ठेवावी लागते, नाहीतर वण तुकडा पुन्हा आत ओढतो.

यावरून छिद्राचे उत्तरही मिळते. त्यातून पाणी वा दूध नाकात येत नसेल आणि बोलण्यावर परिणाम नसेल, तर ते आज शिवण्याची घाई करू नका, कारण प्रत्येक जादा शस्त्रक्रिया त्याच हाडावर आणखी एक वण ठेवून जाते. साधारण आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, पक्का सुळा उगवण्याआधी, हिरडीच्या फटीत कमरेच्या हाडातला मऊ गर भरतात. त्याच वेळी हे छिद्र बंद करता येते. भरलेल्या हाडातून सुळा खाली येतो आणि सुटा तुकडा कायमचा जोडला जातो. ही वेळ एक्स-रेवर सुळ्याच्या मुळाची वाढ पाहून ठरवतात, वाढदिवसावरून नव्हे.

जबडा मागे राहण्यावरही या वयात एक उपाय असतो. कपाळ आणि हनुवटीवर टेकणारा फेसमास्क रबरांच्या साहाय्याने वरचा जबडा पुढे ओढतो. तो रोज बारा-चौदा तास, म्हणजे मुख्यतः रात्री आणि शाळेनंतर, लावावा लागतो. सहा ते नऊ वर्षांचा काळ त्याला चांगला, पण तो प्रत्येक मुलाला लागतोच असे नाही आणि किशोरवयात खालचा जबडा जोरात वाढला तर मिळवलेले अंतर काही अंशी पुन्हा जाऊ शकते. काही मुलांना वाढ थांबल्यावर, सतराव्या-अठराव्या वर्षाच्या सुमारास, वरचा जबडा शस्त्रक्रियेने पुढे आणावा लागतो; तशी वेळ आलीच तर आधी बोलण्याची तपासणी करून घ्या, कारण जबड्याबरोबर टाळूही पुढे जातो आणि नाकाची वाट बंद करायला तो पुन्हा अपुरा पडू शकतो. हे सारे आजच ठरवायचे नाही. आज हवे ते मोजमाप: वरच्या-खालच्या दातांचे साचे, बाजूने काढलेला कवटीचा एक्स-रे आणि छायाचित्रे. दुभंगाचे साचे पाहून जबड्यांच्या संबंधाची पाच श्रेणींत वर्गवारी करण्याची गॉस्लॉन ही पद्धत १९८७ पासून वापरात आहे. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याची श्रेणी काढायला सांगा.

येत्या महिन्याभरात ऑर्थोडॉन्टिस्टला भेटा. शक्यतो असा, जो दुभंगाच्या मुलांवर सर्जन आणि स्पीच थेरपिस्ट यांच्याबरोबर एकत्र काम करतो. जाताना टाळूच्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड न्या, आणि कोणत्या पद्धतीने टाळू शिवला याची नोंद त्यावर नसेल तर त्या रुग्णालयाच्या दप्तरातून शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत मागून घ्या. पुढच्या प्रत्येक सर्जनला तिची गरज पडेल. बहिणीला मात्र त्याआधीच फोन करा. भाची पाच महिन्यांची आहे, बहुतेक ठिकाणी प्रतीक्षायादी असते, आणि सर्दी-खोकला असला की भूल देत नाहीत, म्हणून ठरलेली तारीख एखादे वेळी पुढे जाणार हे गृहीत धरून नाव आताच नोंदवायला हवे. मामांना हे उत्तर वाचायला द्यायला हरकत नाही. श्रीलंकेतल्या अभ्यासाचा बोलण्याविषयीचा भाग त्यांनी स्वतः बहिणीच्या सासरी समजावून सांगितला, तर तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांचे तिथे अधिक ऐकले जाईल.